सिनेमातल्या इतिहासाची सनद कुणी मागायची?

बारवी धरणाचं पाणी थेट आपल्या नळाला येत नाही. ते आधी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं, तिथं गाळलं जातं, तपासलं जातं आणि मगच उल्हासनगर, अंबरनाथपासून ठाण्यापर्यंतच्या घरांत पोहोचतं. एखाद्या दिवशी पाणी गढूळ आलं तर आपण लगेच नगरसेवकाला फोन लावतो. पण पडद्यावर आणि मोबाइलवर ‘इतिहास’ म्हणून जे येतं, ते मात्र आपण न गाळताच पितो.

गेल्या काही वर्षांत ‘द केरला स्टोरी’, ‘हमारे बारह’, ‘छावा’ असे धर्म आणि इतिहासाशी संबंधित चित्रपट एकामागून एक आले. प्रत्येक वेळी दोनच आवाज ऐकू आले. एक म्हणतो, सगळं खरं आहे, प्रत्येकानं बघायलाच हवं. दुसरा म्हणतो, सगळं खोटं आहे, बंदी घाला. या गोंगाटात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही: या चित्रपटात नेमका दावा काय केलाय, आणि त्याला पुरावा काय आहे? मुस्लिम समाजासाठी हा प्रश्न अभ्यासकांच्या चर्चेपुरता उरलेला नाही. त्याचे परिणाम रस्त्यावर, पोलीस ठाण्यात आणि कब्रस्तानात दिसले आहेत.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी

सुरुवात घराजवळून करू. अंबरनाथचं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं इथल्या वडीलधाऱ्यांकडून आपण सगळ्यांनीच ऐकलंय. मंदिरावरच्या शिलालेखात मात्र शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असं साल आहे आणि ते काम शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं आहे. अभ्यासकांनी शिलालेख वाचला म्हणून महाशिवरात्रीची गर्दी कमी झाली नाही. पांडवांची गोष्ट सांगणारे आजही ती सांगतात, शिलालेख दाखवणारे शिलालेख दाखवतात. दोघांचं भांडण होत नाही, कारण त्या गोष्टीच्या जोरावर कुणी कुणाकडून काही हिसकावून घेत नाही.

दुसरी गोष्ट मलंगगडाची. हाजी अब्दुल रहमान, म्हणजे आपले हाजी मलंग बाबा, अरबस्तानातून आले, नल राजा त्यांच्या सचोटीवर खूश झाला आणि त्यानं आपली मुलगी त्यांना दिली, अशी कथा आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये ती नोंदवलेली आहे. पण त्याच गॅझेटियरमध्ये कथेपेक्षा महत्त्वाची एक नोंद आहे. १७८० च्या सुमारास इंग्रजांनी या गडाला वेढा घातला होता. ते माघारी फिरले तेव्हा पेशव्यांनी त्याचं श्रेय बाबांना दिलं आणि कल्याणच्या काशिनाथपंत केतकरांच्या हातून दर्ग्याला भेट पाठवली. तेव्हापासून एका ब्राह्मण घराण्याचा दर्ग्याच्या व्यवस्थेशी संबंध आला. १८१७ मध्ये त्यावरून वाद झाला, चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि कौल केतकरांच्या बाजूनं आला.

हा वाद पुढे कोर्टात गेला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या स्थानाला निव्वळ हिंदू किंवा निव्वळ मुस्लिम कायदा लावता येणार नाही. त्याच्या स्वतःच्या रूढी आणि विश्वस्त व्यवस्थेचे सर्वसाधारण नियमच त्याला लागू होतील.

म्हणजे कागद काय सांगतो? हे ठिकाण दोघांचं आहे. ऐंशीच्या दशकात आनंद दिघे यांनी इथं आंदोलन सुरू केलं, त्यात सांगितली जाणारी गोष्ट वेगळी होती: हे मच्छिंद्रनाथांचं स्थान, ते ‘मुक्त’ करायचं. जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मलंगगडावरच्या हरिनाम सोहळ्यात त्याच मागणीला पुन्हा हवा दिली. नाथपंथी भाविकांची श्रद्धा खरी आहे, त्याबद्दल आपलं काही म्हणणं नाही. तशीच आपली नल राजाची कथाही श्रद्धेची आहे, तिला त्या काळातला कागद नाही. पण जेव्हा एखादी गोष्ट हक्क मागायला लागते, तेव्हा तिला कागद दाखवावाच लागतो. मग ती गोष्ट त्यांची असो की आपली.

हीच कसोटी आता सिनेमाला लावून बघू.

‘छावा’: खरं किती, कादंबरी किती

लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला आला. २०२५ मध्ये सर्वाधिक कमाई करणाऱ्या हिंदी चित्रपटांत त्याचा समावेश आहे. मध्य प्रदेश आणि गोव्यात तो करमुक्त झाला. दिल्लीतल्या ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. हा चित्रपट शिवाजी सावंत यांच्या ‘छावा’ या कादंबरीवर आधारित आहे. सावंत मोठे लेखक होते यात शंका नाही. पण कादंबरी म्हणजे कागदपत्रांचा खंड नव्हे. लेखक मोकळ्या जागा कल्पनेनं भरतो, तो त्याचा हक्कच आहे. चित्रपट त्यावर आणखी रंग चढवतो. प्रेक्षक मात्र थिएटरमधून बाहेर पडताना म्हणतो, “आज खरा इतिहास कळला.”

जे खरं आहे ते आधी स्पष्ट म्हणू या. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराजांना मुकर्रब खानानं पकडलं. ११ मार्च १६८९ ला औरंगजेबाच्या हुकुमानं त्यांना हालहाल करून मारण्यात आलं. मोगलांच्या बाजूनं लिहिलेल्या फारसी ग्रंथांतही या शिक्षेची नोंद आहे. औरंगजेबानं १६६९-७० मध्ये काशी आणि मथुरेची मंदिरं पाडायला लावली, १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसवला, हेही नोंदलेलं आहे. हे नाकारून मुस्लिम समाजाचं काही भलं होणार नाही. औरंगजेब आपला वकीलपत्र घेतलेला अशील नाही. त्याच्या कारभाराचा जाब त्यानं द्यायचा, बदलापूरच्या रिक्षावाल्यानं किंवा उल्हासनगरच्या जीन्स कारागिरानं नाही.

आता जे पडद्यावर येत नाही ते बघा. एम. अतहर अली या इतिहासकारानं औरंगजेबाच्या सरदारांची यादीच तयार केली. १६७९ ते १७०७ या काळात वरच्या दर्जाच्या मनसबदारांत सुमारे ३१ टक्के हिंदू होते, आणि त्याच दर्जाच्या मनसबदारांत जवळपास १७ टक्के मराठे होते. म्हणजे दख्खनच्या लढाईत मोगलांकडूनही मराठे सरदार लढत होते. दुसरीकडे औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता. त्याआधी, १६७८-७९ मध्ये, खुद्द संभाजीराजे काही काळ दिलेरखानाच्या छावणीत होते. आणि महाराजांचा मुलगा शाहू १७०७ पर्यंत औरंगजेबाच्या छावणीत कैदेत वाढला. हा सत्तेचा झगडा होता, त्यात धर्माचा वापर झाला आणि क्रौर्यही झालं. पण ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ या एका ओळीत तो मावत नाही.

बाकीच्या दाव्यांचं काय झालं? गणोजी आणि कान्होजी शिर्के यांनी फितुरी केली असं चित्रपटात दाखवलं. शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, नोटीस पाठवली आणि उतेकरांनी माफी मागितली. महाराज लेझीम खेळतानाचं दृश्य तर प्रदर्शनाआधीच काढून टाकावं लागलं. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी फितुरीबद्दल वेगळं मत मांडलं, तर त्यांना फोनवरून धमकी आली आणि प्रकरण अटकेपर्यंत गेलं. सगळ्यात बोलकी घटना मध्य प्रदेशातली. मराठ्यांनी १६८१ मध्ये बुऱ्हाणपूर लुटलं हा इतिहास आहे. चित्रपट बघून मार्च २०२५ मध्ये असीरगड किल्ल्याजवळच्या शेतांत लोक रात्री बॅटरी आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोगलांचा खजिना खणायला लागले. त्यांच्यावर हसणं सोपं आहे. पण त्यांनी तेच केलं जे बाकीच्यांनी केलं: सिनेमाला नकाशा समजून चालायला लागले.

नागपूरमध्ये दोन अफवा भेटल्या

काहींनी माती खणली, काहींनी राग. खुलताबादची औरंगजेबाची कबर उखडा ही मागणी फेब्रुवारी-मार्चमध्ये जोरात आली. १७ मार्च २०२५ ला नागपुरात त्यासाठी आंदोलन झालं, कबरीची प्रतिकृती जाळली गेली. त्यावरच्या हिरव्या चादरीवर पवित्र आयती होत्या, अशी अफवा पसरली. संध्याकाळी महाल भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली. तीसपेक्षा जास्त पोलीस जखमी झाले, संचारबंदी लागली, एका तरुणाचा पुढे मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत म्हणाले की ‘छावा’मुळे औरंगजेबाबद्दलचा लोकांचा राग बाहेर आला आहे, तरी सर्वांनी शांतता राखावी.

या घटनेकडे नीट बघायला हवं. एका बाजूला तीनशे वर्षांपूर्वीचा राग चित्रपटानं ताजा केला आणि तो आजच्या शेजाऱ्यावर वळवला गेला. दुसऱ्या बाजूला आपल्यातल्या काही तरुणांनी चादरीवर खरंच काय लिहिलं होतं हे तपासलं नाही. ज्या आयतींच्या नावानं ते बाहेर पडले, त्याच कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये सांगितलंय की अविश्वासू माणसानं बातमी आणली तर आधी खात्री करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल. नागपूरमध्ये हा पस्तावा सगळ्यात जास्त गरीब घरांच्या वाट्याला आला.

कल्पनेनं संभाजीराजांनाही सोडलं नाही

लोकप्रिय कथेचा त्रास फक्त मुसलमानांनाच होतो असं समजू नका. खुद्द संभाजी महाराजांना मराठी नाटकांनी आणि कथांनी कित्येक वर्षं व्यसनी, रंगेल राजा म्हणून रंगवलं. या प्रतिमेचं मूळ बऱ्याच अंशी मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत आहे. ती बखर लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. आणि लिहिणाऱ्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. म्हणजे सांगणारा घटनेच्या वेळी नव्हता आणि त्याच्या घरात जुनी जखमही होती.

वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षं कागद धुंडाळून १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. त्यानंतर डॉ. कमल गोखले यांचं संशोधन आलं. तेव्हा कुठे ती प्रतिमा धुतली गेली. बेंद्र्यांनी दंगल केली नाही, पुस्तक लिहिलं. दुसरीकडे, ‘राजसंन्यास’ नाटकातल्या चित्रणाचा राग म्हणून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकरींचा पुतळा काढून नदीत टाकण्यात आला. पुतळा पाडल्यानं इतिहासाचं एक पानही वाढलं नाही. वाढलं ते बेंद्र्यांच्या कामानं.

डिस्क्लेमर कुणाला वाचवतो?

निर्माते म्हणतील, आम्ही सुरुवातीला सूचना टाकतोच की. पण ती सूचना काय काम करते हे ‘द केरला स्टोरी’नं दाखवलं. त्याच्या टीझरमध्ये केरळमधल्या ३२ हजार मुलींचा आकडा होता. वाद झाल्यावर यूट्यूबवरच्या मजकुरात तो तीन मुलींवर आला. केरळ उच्च न्यायालयात निर्मात्यांनी तो टीझर काढून टाकायची तयारी दाखवली. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं पश्चिम बंगालमधल्या बंदीला स्थगिती दिली, पण ३२ हजार किंवा दुसऱ्या कुठल्याही आकड्याला अधिकृत आधार नाही, चित्रपट काल्पनिक मांडणी आहे, अशी सूचना टाकण्याची हमी निर्मात्यांकडून नोंदवून घेतली.

तोवर आकडा घराघरात पोहोचला होता. ३२ हजार लक्षात राहतो, सूचना कुणाच्या लक्षात राहत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये याच चित्रपटाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. म्हणजे सूचना निर्मात्याला कोर्टात वाचवते. वसतिगृहात राहणाऱ्या, कॉलेजला जाणाऱ्या मुस्लिम मुलीकडे संशयानं बघणाऱ्या नजरेपासून ती तिला वाचवत नाही.

‘हमारे बारह’चा धडा

मग बंदीची मागणी करायची का? मुंबई उच्च न्यायालयातलं जून २०२४ चं प्रकरण इथं उपयोगी पडतं. ‘हमारे बारह’च्या ट्रेलरमध्ये कुरआनच्या आयतीचा अर्थ अर्धवट आणि चुकीचा सांगितला गेला, ही हरकत नेमकी होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पुन्हा मुंबईत आलं. न्यायमूर्तींनी चित्रपट स्वतः पाहिला. वादग्रस्त संवादांत बदल झाले, सूचना वाढवली गेली आणि प्रमाणपत्र मिळण्याआधीच ट्रेलर दाखवल्याबद्दल निर्मात्यांना पाच लाख रुपये एका सेवाभावी संस्थेला द्यावे लागले. पण न्यायालयानं हेही सांगितलं की संपूर्ण चित्रपट कुरआनविरोधी नाही, त्याचा विषय स्त्रियांच्या हक्काचा आहे.

इथं दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. ‘अमुक मिनिटाला अमुक आयत चुकीची सांगितली’ अशी हरकत टिकली. ‘चित्रपटच आमच्याविरुद्ध आहे’ ही हरकत टिकली नाही. आणि न पाहता केलेला विरोध पाहिल्यावर उघडा पडतो. हे काहींना कडू वाटेल, पण खरं आहे. कुणाच्या घरात बायकोचं ऐकून घेतलं जात नसेल तर त्याची चर्चा आपणही करायला हवी. आपला आक्षेप दीनच्या नावानं खपवलेल्या चुकीच्या अर्थावर असावा, आपल्या उणिवा दाखवण्यावर नव्हे.

आपल्या ग्रुपवरच्या फॉरवर्डचं काय?

आता स्वतःकडे वळू. शिवजयंती आली की आपल्याकडेही फॉरवर्ड फिरतात. शिवरायांच्या सैन्यात इतके टक्के मुसलमान, इतके अंगरक्षक मुसलमान, रायगडावर मशीद बांधली. हेतू चांगला असतो, सलोख्याचा असतो. पण आकडा कुठून आला हे कुणी सांगत नाही. आग्र्याच्या सुटकेतल्या मदारी मेहतरची कथा आपल्याला प्रिय आहे, मात्र तिला त्या काळातला कागद सापडत नाही असं अनेक अभ्यासक सांगतात. कुणीतरी ती भर सभेत खोडून काढतो आणि मग त्याच्यासोबत खरी उदाहरणंही वाहून जातात.

खरी उदाहरणं कमी नाहीत. आरमारातला दौलतखान कागदपत्रांत आहे. सुरुवातीच्या काळातला पायदळाचा सरनोबत नूरबेग आहे. फारसी पत्रव्यवहार बघणारा काझी हैदर आहे. हाच काझी हैदर पुढे मोगलांकडे गेला, हेही सांगायला हवं. खरा इतिहास असा असतो, तो आपल्या सोयीचा निघेलच असं नाही. पण तो भर सभेत खोडता येत नाही.

सनद मागायची सवय

मुसलमानांना हे काम नवीन नाही. हदीसच्या विद्वानांनी शेकडो वर्षांपूर्वी एक शिस्त घालून दिली. ही गोष्ट तुला कुणी सांगितली? त्याला कुणी? तो त्या माणसाला प्रत्यक्ष भेटला होता का? सांगणारा विश्वासू आहे का, त्याचं कुणाशी वैर होतं का? ही साखळी, म्हणजे सनद, तुटलेली असेल तर कितीही गोड हदीस कमकुवत ठरते. मराठीत सनद म्हणजे हक्काचा दस्तऐवज. चिटणीसांच्या बखरीला, ३२ हजारांच्या आकड्याला, मदारी मेहतरला आणि मलंगगडावरच्या दाव्यांना हीच कसोटी लावा. काय टिकतं आणि काय नाही, ते आपोआप दिसेल.

हे आपल्या पातळीवर करण्यासारखं आहे. कल्याणपासून बदलापूरपर्यंत मशिदींना जोडून अभ्यासिका आहेत, तरुणांची मंडळं आहेत. तिथं गॅझेटियर, बेंद्रे, अतहर अली यांची पुस्तकं ठेवता येतील. दोन-चार मुलांनी मोडी शिकावी, दोन-चारांनी फारसी शिकावी. मराठ्यांचा इतिहास मोडीत आणि मोगलांचा फारसीत पडून आहे. दोन्ही वाचणारी मुलं आपल्याकडे तयार झाली तर पुढच्या वादात आपण घोषणा घेऊन नाही, कागद घेऊन उभे राहू. मराठी वृत्तपत्रांत पत्र लिहिता येईल, ट्रेलर आल्या आल्या नेमकी हरकत सेन्सॉर बोर्डाकडे आणि गरज पडली तर कोर्टात मांडता येईल. शेजारच्या हिंदू मित्रासोबत बसून तोच चित्रपट बघता येईल आणि चहावर त्याची चर्चा करता येईल. त्यालाही शिर्के प्रकरण आणि लेझीमचं दृश्य आठवत असेलच.

पुढचा चित्रपट येणारच आहे. तो आला की आधी शांतपणे बघू, त्यातला दावा वहीत लिहू आणि निर्मात्याला विचारू, याची सनद कुठे आहे? आणि हाच प्रश्न, तेवढ्याच कडक शब्दांत, आपल्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता ‘सब को भेजो’ म्हणून आलेल्या मेसेजलाही विचारू.